बी.ए. नंतर काम: तीन वाटा आणि त्यांचे नियम

बी.ए.चा निकाल लागला की पुढचे काही महिने बहुतेकांचे सारखेच जातात. कोणी म्हणते एमपीएससीचा क्लास लाव, कोणी म्हणते बी.एड. करून टाक, कोणी ओळखीच्या कंपनीत शब्द टाकतो म्हणते. सल्ले आपुलकीचे असतात. पण सगळे एकाच वेळी ऐकले तर वर्ष कधी सरले ते कळत नाही. हा लेख त्या वर्षासाठी आहे. महाराष्ट्रात कला शाखेच्या पदवीधराला काम कोणत्या मार्गांनी मिळते, प्रत्येक मार्ग आतून कसा चालतो, किती वेळ आणि पैसा मागतो आणि माणूस नेमका कुठे अडकतो, हे एकेक करून पाहू.

नर्सिंगच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदवीत कामाचे नाव आधीच ठरलेले असते. बी.ए.चे तसे नाही. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र किंवा भूगोल घेतलेली मुलगी प्रत्यक्ष काय करू शकते, हे नोकरी देणाऱ्याला तिच्या गुणपत्रिकेवरून समजत नाही. म्हणून तो तीनपैकी एका रीतीने खात्री करून घेतो: परीक्षा घेऊन, पदवीवर आणखी एखादी पात्रता मागून, किंवा आधी केलेले काम पाहून. या तिन्ही वाटांचे नियम वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की वेळ वाया जातो. स्पर्धा परीक्षा देणारा प्रमाणपत्रे जमवत बसतो आणि भाषांतराचे काम हवे असलेली मुलगी नमुने तयार करायचे सोडून दुसऱ्या पदवीला प्रवेश घेते. त्यामुळे ‘नोकरी कुठे आहे’ याच्याही आधी ‘मला हवी ती नोकरी माणूस कशावरून निवडते’ हे विचारायला हवे.

पहिली वाट: परीक्षा

सरकारी भरतीत बी.ए. आणि बी.टेक. एकाच रांगेत उभे असतात, कारण बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यसेवा, गट-ब आणि गट-कच्या संयुक्त परीक्षा, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, बँकांमधली लिपिक आणि अधिकारी पदे, केंद्राची कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा हे सगळे या वाटेवर येते.

या परीक्षा सुटसुटीत करून पाहिल्या तर त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात लिहून उत्तर द्यायचे असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे २०२५ गुण धरले जातात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५पासून त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. इथे कला शाखेच्या विद्यार्थ्याला खरा फायदा आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य हे त्याचे विषय वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात आणि मुद्दा मांडून लिहिण्याची सवय कामी येते. मात्र ती सवय खरोखर लागलेली असावी लागते; गाईड पाठ करून पदवी मिळवली असेल तर लेखन नव्याने शिकावे लागेल.

दुसऱ्या गटात पर्याय निवडायचे असतात आणि वेग महत्त्वाचा असतो. तलाठी भरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असे शंभर प्रश्न दोनशे गुणांना होते. बँकांच्या परीक्षेत अंकगणित, तर्क आणि इंग्रजी यांवर मुख्य भर असतो. दहावीनंतर गणिताचे पुस्तक न उघडलेल्या विद्यार्थ्याने बँकेचा विचार करताना किमान सहा महिने रोज गणित करायची तयारी ठेवावी. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, व्याज, काळ-काम-वेग हा पाया पाचवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतूनच घट्ट होतो आणि त्याला महागडा क्लास लागत नाही. लिपिक पदासाठी ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथली भाषा यावी लागते, ही मराठी मुलांसाठी जमेची बाजू.

दोन्ही गटांची तयारी एकाच वेळी करणे फार थोड्यांना जमते. म्हणून सुरुवातीलाच एक गट मुख्य धरावा.

आता या वाटेचा अवघड भाग. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदे होती आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. प्रत्येक पदामागे दोनशेहून जास्त माणसे. शिवाय जाहिरात, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, कौशल्य चाचणी, कागदपत्र पडताळणी, निवड यादी आणि नियुक्ती या साखळीला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. प्रकरण न्यायालयात गेले तर आणखी जास्त. केंद्रीय नागरी सेवेत खुल्या प्रवर्गाला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहाच संधी आहेत. राज्यात खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस आणि मागासवर्गीयांची त्रेचाळीस आहे. ही मर्यादा सवलत म्हणून दिलेली आहे; पण तिच्यामुळेच कित्येक मुले-मुली पुण्याच्या पेठांमध्ये खोली, मेस आणि अभ्यासिकेचे भाडे भरत तिशी ओलांडतात आणि दुसऱ्या कोणत्याच कामाचा अनुभव त्यांच्याकडे नसतो.

म्हणून मर्यादा स्वतः ठरवावी, तीही सुरुवातीला, घरच्यांसमोर बोलून. पूर्ण तयारीनिशी दोन किंवा तीन प्रयत्न आणि त्यानंतर काय, हे कागदावर लिहून ठेवावे. मुलींच्या बाबतीत ही चर्चा आणखी गरजेची आहे, कारण त्यांना मिळणारी मुदत अनेकदा लग्नाच्या हिशेबाने, त्यांना न विचारताच ठरवली जाते. खर्चाचाही विचार करावा. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातील उमेदवारांना मोफत प्रशिक्षण देतात आणि काही योजनांत विद्यावेतनही देतात. कर्ज काढून क्लासची फी भरण्याआधी या संस्थांची संकेतस्थळे पाहावीत.

दुसरी वाट: आणखी एक पात्रता

काही व्यवसायांत विशिष्ट शिक्षणाशिवाय प्रवेशच नाही. या वाटेवर चालण्याआधी शेवटापासून मागे मोजत यायचे: मला कोणते काम हवे, त्याला कायद्याने काय लागते, त्याला किती वर्षे आणि किती फी, आणि शेवटी जागा निघतात का.

शिक्षक होण्याचे उदाहरण घेऊ. बी.एड. दोन वर्षांचे आहे. पण कोणत्या वर्गाला शिकवायचे, त्यावर सगळे अवलंबून आहे. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निकाल दिला. त्या वर्गांना डी.एल.एड. लागते. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयाची एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवे. यानंतर भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यायची आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम भरायचा. म्हणजे बी.एड. हा या प्रवासाचा मधला टप्पा आहे. शिवाय बी.ए.चा मुख्य विषय शाळेत शिकवला जाणारा आहे का, हेही पाहावे. मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोलवाल्यांना अडचण येत नाही. तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्रवाल्यांनी प्रवेशाआधी चौकशी करावी.

वरिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५० टक्के, आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पात्रता मिळाल्यावरही पुष्कळ जण कायम जागेची वाट पाहत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. तिथे तासांप्रमाणे मानधन मिळते आणि सुट्टीच्या महिन्यांत उत्पन्न थांबते. शिकवण्याची ओढ असेल तर हा मार्ग जरूर घ्यावा. मात्र त्या काळात घर कसे चालेल, याचे उत्तर आधी शोधावे.

कायद्याची तीन वर्षांची पदवी कला शाखेला चांगली मानवते, कारण तिथे वाचन आणि युक्तिवाद हेच काम आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा एवढे प्रवेशाला लागते. नंतर बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचे असेल तर मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. वकिलीची पहिली काही वर्षे कमाई बेताचीच असते, हे धरून चालावे.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी लागते. चार-सहा आठवड्यांच्या समुपदेशन प्रमाणपत्राने ती जागा भरून निघत नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे आहे. १९३६ साली सुरू झालेली मुंबईची टाटा समाज विज्ञान संस्था आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था ही त्यातली जुनी नावे.

तिसरी वाट: केलेले काम

या वाटेवर जाहिराती कमी दिसतात, म्हणून तिच्याबद्दल घरात बोलले जात नाही. पण कला शाखेत जे शिकवले जाते, त्याला इथेच थेट मागणी आहे. निवड करणारा एकच गोष्ट विचारतो: तुम्ही केलेले काही दाखवा.

भाषेपासून सुरुवात करू. प्रकाशक, वृत्तपत्रे, जाहिरात संस्था, दिवाळी अंक, मालिका आणि चित्रपटांची उपशीर्षके, ॲप आणि संकेतस्थळांचे मराठीकरण, सरकारी दस्तऐवज या सगळ्यांना मुद्रितशोधक, संपादक आणि भाषांतरकार लागतात. काम देण्यापूर्वी बहुधा छोटा उतारा चाचणीसाठी देतात. मोबदला शब्दांवर किंवा पानांवर ठरतो. त्यासाठी चार गोष्टी पक्क्या हव्यात: १९६२चे आणि १९७२मध्ये वाढवलेले मराठी शुद्धलेखनाचे नियम, इनस्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्ये टंकलेखन, इंग्रजी मजकूर नीट समजण्याइतकी वाचनक्षमता आणि दिलेली वेळ पाळणे. यंत्राने केलेली भाषांतरे आता सर्रास वापरली जातात. त्यामुळे साध्या भाषांतराचे काम आणि दर दोन्ही दबावाखाली आहेत आणि यंत्राचे भाषांतर तपासून दुरुस्त करण्याचे काम वाढते आहे. यात टिकतो तो ज्याला मराठी वाक्य कुठे परके वाटते हे लगेच जाणवते आणि ते कसे सुधारायचे हेही कळते. नमुन्यासाठी तीन प्रकारचा मजकूर तयार करावा: एक सरकारी परिपत्रक, एक आरोग्यविषयक माहितीपत्रक, एक कथा किंवा लेख. मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मोडी लिपी हे असेच एक कौशल्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातले जमिनीचे, महसुलाचे आणि जन्म-मृत्यूचे असंख्य कागद मोडीत लिहिले गेले. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आले. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग आणि परीक्षा घेते. वकील, जमिनीचे मालक, जुनी घराणी आणि संशोधक यांच्याकडून लिप्यंतराचे काम मिळते. अक्षरओळख काही आठवड्यांत होते; वेगवेगळ्या हातांची, घाईत लिहिलेली मोडी वाचायला मात्र महिनोन् महिने सराव लागतो. त्या सरावालाच किंमत आहे.

भूगोलवाल्यांनी जीआयएसकडे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती मांडण्याच्या तंत्राकडे वळावे. क्यूजीआयएस ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. आपल्या तालुक्याचा नकाशा घेऊन त्यावर गावे, ओढे, विहिरी, रस्ते आणि शाळा मांडल्या की पहिला नमुना तयार होतो. पाणलोट विकासाच्या संस्था, नगररचना सल्लागार, सर्वेक्षण कंपन्या आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशा ठिकाणी या कौशल्याचा उपयोग होतो.

परकी भाषा ही आणखी एक भक्कम जोड आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन ही त्याची परिचित ठिकाणे. जपानी भाषेच्या परीक्षेचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. सुरुवात एन-५ने होते; पण कंपन्या बहुधा एन-३ किंवा त्यापुढचा स्तर मागतात आणि तिथपर्यंत यायला दोन-तीन वर्षे चिकाटीने शिकावे लागते. पहिला स्तर पार करून थांबलेल्याला काम मिळत नाही, म्हणून ही भाषा अर्धवट सोडायची नाही असे ठरवूनच सुरू करावी.

सामाजिक क्षेत्रात समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाव आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पांना गावात जाऊन सर्वेक्षण करणारे, लोकांशी बोलून नोंदी ठेवणारे आणि अहवाल लिहिणारे लागतात. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप आहे. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि २१ ते २६ वय अशा अटी असतात. वय लवकर उलटते म्हणून तिचा विचार पदवीच्या शेवटच्या वर्षातच करावा.

पहिला अनुभव कुठून आणायचा

काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, ही कोंडी फोडायला काही सरकारी साधने आहेत. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४मध्ये दुरुस्ती झाल्यापासून अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येते. काही सार्वजनिक बँका अशी भरती करतात. राज्यात २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठेवले होते. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे वाढवून अकरा महिने केली गेली. ही प्रशिक्षणे आहेत, त्यांच्या शेवटी कायम नोकरीचे आश्वासन नसते. म्हणून तिथे पहिल्याच आठवड्यात असे एखादे काम मागून घ्यावे ज्याचा परिणाम नंतर दाखवता येईल: नोंदींचे संगणकीकरण, अहवाल, माहितीपत्रक किंवा सर्वेक्षण.

जे अजून महाविद्यालयात आहेत त्यांच्यासाठी नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक आहेत. ते ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून उरकू नयेत. पदवी हातात पडण्याआधीच अनुभव घेण्याची ती सर्वांत स्वस्त संधी आहे. प्राध्यापकांनीही तालुक्यातली ग्रंथालये, पतसंस्था, वृत्तपत्रांची कार्यालये आणि सामाजिक संस्था यांच्याशी बोलून विद्यार्थ्यांना तिथे धाडायला हवे.

कागदपत्रे: आधीच तयार ठेवायची

चांगली तयारी असलेले उमेदवार कागदपत्र पडताळणीत बाद होतात, तेव्हा फार वाईट वाटते, कारण ते टाळता आले असते. सर्व गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, एमएस-सीआयटीसारखे संगणक प्रमाणपत्र हे एका फायलीत आणि डिजिलॉकरवर ठेवावे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. तो वेग कमवायला महिने जातात. दाखला जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध असावा लागतो, म्हणून प्रत्येक दाखल्याची मुदत फायलीच्या पहिल्या पानावर लिहावी. दहावीच्या प्रमाणपत्रातले आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का तेही आजच तपासावे.

अर्ज आणि मुलाखत

खासगी नोकरीच्या अर्जात ‘मेहनती’, ‘उत्तम संवादकौशल्य’ असे शब्द सगळेच लिहितात आणि कोणी ते वाचत नाही. त्याऐवजी केलेले काम लिहावे. गावात घरोघरी जाऊन पाणीपुरवठ्याची माहिती गोळा केली, महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे मुद्रितशोधन केले, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा हिशेब सांभाळला, असे लिहिले की वाचणाऱ्यासमोर माणूस उभा राहतो. अर्ज एका पानाचा असावा आणि प्रत्येक जागेसाठी थोडा बदललेला असावा.

मुलाखतीत ‘बी.ए. का केले?’ हा प्रश्न येतोच. गुण कमी पडले म्हणून, असे खाली मान घालून सांगू नये. त्या विषयाने काय दिले ते उदाहरणासह सांगावे. इतिहासवाल्याने एकाच घटनेची दोन परस्परविरोधी साधने कशी तपासली ते सांगावे. अर्थशास्त्रवाल्याने आपल्या तालुक्याच्या बाजार समितीतले भाव कसे चढतात-उतरतात ते मांडावे. आणि कुठेही नोकरी लावून देण्यासाठी नोंदणी फी, अनामत किंवा ‘सेटिंग’चे पैसे मागितले तर तिथून ताबडतोब निघावे. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सरकारी भरतीत फक्त अधिकृत संकेतस्थळावरचे परीक्षा शुल्क भरायचे असते.

पहिल्या वर्षाची आखणी

पहिल्या महिन्यात आवडलेल्या दहा जागांच्या जाहिराती काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे लिहावे: परीक्षा, पात्रता की काम. ज्या वाटेची नोंद जास्त वेळा होईल ती मुख्य वाट. त्याच महिन्यात कागदपत्रांची फाइल पूर्ण करावी. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात मुख्य वाटेचा अभ्यास किंवा नमुना तयार करावा आणि सोबत अर्धवेळ का होईना, पगाराचे एखादे काम धरावे. सहाव्या महिन्यानंतर अर्ज करायला लागावे, पूर्ण तयारीची वाट पाहू नये. नकारातूनही कुठे कमी पडतो ते समजते. बाराव्या महिन्यात घरच्यांसोबत बसून हिशेब करावा: किती पुढे आलो, ठरवलेली मर्यादा किती उरली, वाट बदलायची का. वाट बदलली तरी शिकलेले टंकलेखन, गणित, भाषा आणि लेखन दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडतेच.

तीन वर्षे समाज, भाषा आणि भूतकाळ वाचलेला माणूस कोणत्याही कार्यालयाला आणि गावाला उपयोगाचा आहे, असे मी मनापासून मानतो. ते दुसऱ्याला दिसेल अशा रूपात आणणे हे पदवीनंतरचे पहिले काम आहे, आणि त्याची सुरुवात त्या दहा जाहिरातींच्या यादीने या आठवड्यातच करता येते.